लूना येईस्तोवर

कुमुद हिवरकर वेळेवर पोचल्याचं एकच उदाहरण रायपूरच्या मराठी मंडळींत सांगतात, ते त्यांच्या जन्माचं. आणि त्याबद्दलही त्यांच्या मावशीचं मत वेगळं होतं. लग्नाला जाव्यात तर मंगलाष्टकं आटोपलेली, हळदीकुंकवाला जाव्यात तर वाण संपलेलं, बारशाला जाव्यात तर पोरगं रांगायला लागलेलं. शेवटच्या गोष्टीला थोडं तिखटमीठ लागलं आहे, पण फार नाही.

बरं, बाई शिकवायच्या काय? तर गणित. दशांशाचं टिंब जागचं हललं की पोट्ट्याचा कान हलायचा, इतक्या काटेकोर. काळ-काम-वेगाचं गणित फळ्यावर घालायच्या, 'एक गाडी भनपुरीहून सकाळी निघाली' असं, आणि मागच्या बाकावरून हमखास कोणीतरी पुटपुटायचं, "टीचर, उस गाडी में आप थीं क्या?" मग त्या बाकावरचे सगळेच कान हलायचे.

शाळा म्हणजे चौबे कॉलोनीतलं प्रबोध विद्यालय. विदर्भातून रेल्वेत आणि कचेऱ्यांत नोकरीला आलेल्या मंडळींनी वर्गणी काढून उभं केलेलं. पोरं मात्र पुढेपुढे साहू, वर्मा, सिंधी, मारवाडी अशी सगळ्या गावाची झाली, आणि जी मराठी उरली ती "काहून रे, गृहपाठ कुठे आहे?" या प्रश्नालाही "भूल गया टीचर" असंच उत्तर देऊ लागली. बाईंचं घर पडलं लांब, शहराच्या पार उत्तरेला. त्यांचे वडील नीलकंठराव रेल्वेत गार्ड. स्वस्त मिळतो म्हणून भनपुरीच्या बाजूला प्लॉट घेतला, घर बांधलं, आणि वास्तुशांतीचे लाडू संपायच्या आत चहूबाजूंनी गोदामं आणि ट्रकवाले येऊन बसले. त्या गर्दीतून बाई रोज लूनावर शाळेत यायच्या. लूना म्हणजे इंजिन लावलेली सायकल. चढावर ती दमली की पायडल मारायचे, आणि बाई दमल्या की तिनं चालायचं, असा त्या दोघींचा करार होता.

उशिराचं कारण विचारलं की बाईंचं उत्तर ठरलेलं. "भनपुरीत ट्रक आडवा होता."

रोज एक ट्रक आडवा! इतके ट्रक आडवे झाले असते तर भनपुरीत उभा ट्रक बघायला तिकीट लागलं असतं. पण खरं कारण बाईंनी कधी तोंडातून काढलं नाही. नीलकंठरावांना अर्धांगवायू झाला होता. सकाळी त्यांना कूस बदलून देणं, पुसणं, भरवणं, हे सगळं बाईंच्या एकटीवर. आणि शेजारची साहूकाकी येऊन बसेपर्यंत घर सोडता येत नसे. कोणी "बिचारी कुमुद" म्हटलेलं बाईंना खपत नव्हतं. उशिरा येणारी म्हणा, कजाग म्हणा, फौजदारीण म्हणा. बिचारी म्हणायचं काम नाही. नीलकंठरावांनी तिला या स्वाभिमानाची एवढीच इस्टेट दिली होती आणि तिनं ती जिवापाड जपली.

तेव्हाच्या मुख्याध्यापिका रमाबाई. त्यांचा नियम असा, की प्रार्थनेची पहिली ओळ संपली की फाटक बंद. नंतर जो येईल त्याची अर्धी रजा, मग तो शिक्षक असो की शिक्षणाधिकारी. फाटकावर भैय्यालाल. मिशा पोलिसाच्या आणि काळीज गाईचं असा माणूस.

आता प्रार्थना. ती रचली होती संगीताच्या प्रल्हाद मोहरील सरांनी. सर मूळचे भंडाऱ्याचे, पण इथल्या मातीत असे मिसळले की प्रार्थना लिहायची वेळ आली तेव्हा ती छत्तीसगढीत लिहून मोकळे. तिची पहिलीच ओळ, "एक घर म दिया बरै, दू घर म अंजोर." एका घरात दिवा जळतो आणि दोन घरांत उजेड पडतो. एवढाच अर्थ, पण चाल अशी की झाडू मारणारीचाही हात त्या तालावर पडायचा. पालकांनी तेव्हा कुरकुर केली होती, शाळेत ही गावंढळ बोली कशाला? पुढे छत्तीसगढ वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, आणि तेच पालक छाती काढून सांगू लागले की आमच्या शाळेत पहिल्यापासून छत्तीसगढीत प्रार्थना असते बरं! सर नुसते हसले. आमचे सर फार हसायचे आणि थोडं बोलायचे. लग्न राहिलं ते याच हिशेबानं.

तर या ओळीत एक गंमत होती. "एक घर म दिया बरै" म्हणून झालं की सर थांबायचे. पेटीची एक पट्टी अटकायची म्हणे. ते नखानं ती उचलायला बघायचे, भाता हलकेच चालू, मान खाली पण नजर फाटकाकडे, आणि अख्खी शाळा श्वास रोखून उभी. मग रस्त्याच्या वळणावरून फट् फट् फट् असा आवाज यायचा. भैय्यालाल मान हलवायचा. पट्टी आपोआप सुटायची. "दू घर म अंजोर" सुरू व्हायचं, लूना फाटकातून आत, बाई रांगेत, फाटक बंद. रमाबाईंचा नियम अबाधित आणि कुमुदबाईंची रजाही.

पट्टी अटकत नव्हती हे शाळेत कोणाला ठाऊक नव्हतं? चौथीच्या पोट्ट्याला ठाऊक होतं, शिपायाला ठाऊक होतं, स्वतः रमाबाईंना ठाऊक होतं. (त्यांनी एकदा पेटी दुरुस्त करायची सूचना दिली, आणि सर "हव", म्हणजे हो, म्हणाले. दुरुस्ती झाली नाही, आणि रमाबाईंनी पुन्हा विचारलंही नाही. बाई कडक होती, दगड नव्हती.) मराठी मंडळाच्या बायकांनी तर दोघांचं लग्न तिळगुळाच्या तीन समारंभांत तीनदा जमवून टाकलं. फक्त नवरानवरीला कोणी कळवलं नाही.

सगळ्यांची समजूत अशी, की एकट्या कुमुदबाईंनाच काही ठाऊक नाही. हिशेबाची बाई, पेटीतलं काय कळणार!

वर्षं गेली. नीलकंठराव गेले, रमाबाई गेल्या, बाई रिटायर झाल्या, पाठोपाठ सरही. आणि राजधानी होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, एका दुपारी प्रल्हाद सर आरामखुर्चीत बसल्याबसल्या गेले. भावाच्या नातवाला सरगम शिकवत होते म्हणतात. 'प'पर्यंत आले होते.

शोकसभेला माणूस मावत नव्हता. सरांची आणखी एक गोष्ट होती. थंडीत ज्या पोराची हाडं ठणकायची, ज्याचे डोळे पिवळे दिसायचे, त्याला ते स्कूटरवर बसवून सरकारी दवाखान्यात न्यायचे. सिकलसेल. आपल्या या मुलखात घराघरात दबा धरून बसलेला आजार. सरांनी त्या पोरांसाठी किती वेळा रक्त दिलं ते त्यांच्या दंडालाच माहीत. तेव्हा सभेत पराग उठला. शाळेचा जुना विद्यार्थी, आता मंत्रालयात मोठा साहेब. म्हणाला, "सरांचा फोटो लावायचा तर भिंतीवर जागा नाही. आधीच इतके लोक टांगले आहेत. आपण सरांचं गाणं रेकॉर्ड करू. आपणच गाऊ, आजीमाजी सगळे. सीडी विकू, आणि जे येईल ते त्या पोरांच्या तपासणीला, रक्ताला, औषधाला."

टाळ्या पडल्या. काम बघायला कोण? आताची मुख्याध्यापिका शर्मिष्ठा, आणि तिच्या डोक्यावर कुमुदबाई. शर्मिष्ठा एकेकाळी बाईंच्याच वर्गातली. पन्नाशीला टेकली तरी बाई समोर आल्या की कान पदरात झाकते.

बाईंनी मांड ठोकून काम केलं. एकच धसका त्यांच्या मनात होता. सरांचं गाणं आता वर्गाबाहेर, गावाबाहेर जाणार. भिलाईला जाईल, बिलासपूरला जाईल, नागपूरला जाईल. त्याला कोणी हसता कामा नये.

स्टुडिओ तेलीबांध्याला, तळ्याच्या अलीकडे. मालक सुशील साहू, तरणाताठा पोरगा, छत्तीसगढी अल्बम काढून नाव कमावलेला. त्या दिवशी स्टुडिओत माणसं अशी भरली होती की माइक कोणाच्या आधारानं उभा आहे ते कळत नव्हतं. बँकवाले, वकील, दोन आज्या झालेल्या मुली, आत्ताची सहावी-सातवीची पोरं. भैय्यालाल रिटायर होऊन कित्येक वर्षं झाली, पण दार दिसलं म्हणून दारापाशी स्टूल टाकून बसला. सरांची पेटी मधोमध, तिच्यावर हार.

सुशीलनं ताल लावला, बोट वर केलं. सगळे गायला लागले. "एक घर म दिया बरै..."

आणि गप्प. ढोलक आपली पुढे वाजते आहे, आणि माणसं तोंड मिटून उभी.

"क्या हुआ?" सुशीलनं विचारलं.

"कुछ नहीं, फिर से लो," शर्मिष्ठा म्हणाली.

पुन्हा. तेच. तिसऱ्यांदा सुशीलनं सगळ्यांना बजावलं, रुकना नहीं है. तरी बरोब्बर त्याच जागी सगळे रुकले. वकील रुकले, आज्या रुकल्या, आणि ज्यांनी सरांना वर्गात कधी पाहिलंही नव्हतं ती सहावीची पोरंही रुकली. त्यांना ही प्रार्थना सातवीच्यांनी शिकवली होती, सातवीच्यांना आठवीच्यांनी. गाण्याबरोबर थांबणंही वारशानं आलं होतं.

"सबको एक साथ हिचकी आती है क्या?" सुशील काचेमागून बाहेर आला. "ये गॅप किस बात का है?"

चाळीस-पन्नास माणसं आपापल्या चपलांकडे बघत राहिली. एक पोट्टी फिसकन् हसली आणि आईचा चिमटा खाऊन गप्प बसली. तेव्हा कुमुदबाई पुढे झाल्या.

"ते कापून टाक रे," त्या म्हणाल्या. "सर पेटी वाजवत तं तिची पट्टी अटके. म्हणून थांबत. पेटीचा दोष गाण्यात काहून ठेवायचा? लोक म्हणतील, मास्तरले ताल कळत नव्हता."

"दो मिनट का काम है आंटी," सुशील म्हणाला, आणि त्यानं खरंच कॉम्प्युटरवर ते भोक बुजवून टाकलं. ऐकवलं. ओळ अशी धावत गेली, जशी पाहुणा जेवायला बसायच्या आत पानं उचलून टाकावीत.

दारापाशी भैय्यालाल उठून उभा राहिला. "ये सर के गाना नो हे," तो म्हणाला. हे सरांचं गाणं नाही.

"भैय्यालाल, तू चूप बस. पट्टी अटकत होती का नव्हती?"

आता सुशील बाहेरचा. शाळेचा ना विद्यार्थी, ना पालक. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! त्यानं हार बाजूला केला, भाता मारला आणि पेटीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं फिरवली. एकेक सूर मोत्यासारखा. "आंटी, ये तो मक्खन है. इसकी पट्टी जिंदगी में कभी अटकी नहीं."

सुई पडली असती तर तिलाही संकोच वाटला असता.

"पट्टी कहां अटकही, बाई," भैय्यालाल हळूच म्हणाला. "सर मोर डहर देखय, मैं रद्दा डहर देखंव. तुंहर लूना के अवाज आवय त मैं मुड़ी हलावंव. तब सर के हाथ चलय." सर माझ्याकडे बघायचे, मी रस्त्याकडे. तुमच्या लूनाचा आवाज आला की मी मान हलवायचो, आणि मग त्यांचा हात चालायचा.

बाईंनी चहूकडे पाहिलं. एकाच्याही तोंडावर आश्चर्य नव्हतं, आणि तेच जास्त लागलं. अख्ख्या शाळेनं वर्षानुवर्षं आपली कीव केली आणि आपण गुणाकार शिकवत बसलो! त्यांनी पर्स उचलली.

"चाल वनमाला. मले उशीर होऊन राहिला."

हे वाक्य त्यांच्या तोंडून आजवर कोणी ऐकलं नव्हतं. ऐकणाऱ्यांची खात्रीच पटली की आता खरंच काहीतरी मोडलं. शर्मिष्ठाचा हात आपोआप कानाकडे गेला. सीडीचं आता काय होणार, गाणं कापलेलं जाणार की जाणारच नाही, कोणाला विचारायची सोय नव्हती.

वनमाला म्हणजे चित्रकलेच्या वनमालाबाई. कुमुदबाईंची एकुलती मैत्रीण, आणि सगळ्या चौबे कॉलोनीची बातमीपत्रिका. तिला मागे बसवून लूना निघाली खरी, पण वनमालाबाईंचं वजन आणि लूनाचं वय यांचा मेळ काही बसेना. तळ्यापाशी लूना थांबली. दोघी काठावरच्या बाकावर बसल्या. वनमालाबाईंनी पर्समधून सुपारी काढली.

"आता रड तरी," त्या म्हणाल्या.

"काहून रडू? शेंबडी आहे का मी?"

"अवघ्या शाळेले ठाऊक होतं, कुमुद. आम्ही तुले सांगितलं नाही, कारण..."

"मले ठाऊक होतं का नाही, हे कोणी इचारलं का?"

वनमालाबाईंची सुपारी गालात अडकली. "म्हणजे?"

"एकदा परीक्षेच्या वेळी बाबांचं दुखणं जास्त होतं. मी तीन दिवस शाळेत नव्हती. तपासायचे पेपर घेऊन तो घरी आला. मी आत बाबांची कूस बदलून राहिली होती. बाहेर आली तं उंबऱ्यावर पेपर, आणि उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवलेला. आवाज बी दिला नाही. म्हटलं, पाहून गेला हा. आणि सोमवारी पेटी अटकली." बाईंनी पदर खोचला, भांडायला निघाल्यासारखा. "मले असा राग आला! कीव करून राहिला मेला. मधल्या सुट्टीत संगीताच्या खोलीत गेली आणि एकेक पट्टी दाबून पाहिली. सगळ्या धड."

"मग बोलली काहून नाही त्याले?"

"बोलली असती तं दुसऱ्या दिवशी फाटक बंद झालं असतं ना! रजा काय तू दिली असती?"

वनमालाबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते सुपारीबरोबर चावलं. पुढे काहीतरी आहे हे त्यांच्या नाकाला कळलं होतं.

"मग बाबा गेले," कुमुदबाई तळ्याकडे बघत म्हणाल्या. "तेरावा झाल्यावर शाळेत निघाली. घरात करायलेच काही नाही. ना पुसायचं, ना भरवायचं. शाळेच्या चौकात पोचली तं घंटा बी झाली नव्हती. तिथं तो उसाच्या रसाचा ठेला होता ना? त्याच्यामागे लूना उभी केली. म्हटलं, आता तं बाबा नाही. आता कीव करायले कारण नाही. पाहू, थांबते का."

"थांबला?"

"थांबला."

"सवयीनं थांबला असल एखांदा दिवस."

"मलेही तसंच वाटलं. म्हणून दुसऱ्या दिवशी पाहिलं. मग तिसऱ्या दिवशी."

"किती दिवस पाहिलं व?"

"रिटायर होईस्तोवर."

वनमालाबाईंनी सुपारी थुंकली. हे असलं काही तोंडात दुसरा जिन्नस ठेवून ऐकायचं नसतं.

"म्हणजे तू... भनपुरीतला ट्रक?"

"कायचा ट्रक! रसवाला मले रोज विचारे, मॅडम, गाडी बिगड़ गई क्या? मी म्हणे, हव." बाई हसल्या. किती वर्षांनी हसल्या देव जाणे, पण दात सगळे जागच्या जागी होते. "लोकांच्या नवऱ्यांनी लोकांले पाटल्या केल्या, वनमाला. माझ्यासाठी रोज सकाळी अख्खी शाळा उभी राहे. पहिलीच्या पोट्ट्यापासून रमाबाईपर्यंत. तोंडातला सूर तोंडात धरून. हे कोणाच्या नशिबी आलं सांग बरं?"

"मग ते गाण्यातून कापून काहून राहिली, मूर्खे?"

"लोक हसतील त्याले."

"त्याले?"

तळ्यावर एक बगळा मासा पकडायच्या बेतात होता, त्याला बाईंनी आधी तो पकडू दिला.

"बरं बावा, मले हसतील."

"हसू दे. तू काय आता कोणाची कुमुद टीचर आहे?" वनमालाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "आणि ऐक, मी ऑटोनं येते. ही तुझी लूना माझ्यानं नाही चढत, आणि आज तिची गरज पडंल असं वाटते मले."

इकडे स्टुडिओत एसी बिघडला होता. म्हणजे बिघडला नव्हता, इतक्या माणसांपुढे त्यानं हात टेकले होते. सुशीलनं दार सताड उघडं टाकलं होतं. आता काय करायचं म्हणून सगळे बसून होते. कोणीतरी पेटी जवळ ओढली. कोणीतरी गुणगुणायला लागलं, मग दुसरा, मग सगळेच, ढोलकीशिवाय, आपल्यापुरते. "एक घर म दिया बरै..."

थांबले.

आणि तेलीबांध्याच्या रस्त्यावरून, मोटारींच्या आणि बसच्या आवाजातून वाट काढत, आवाज आला. फट् फट् फट्.

भैय्यालाल ताठ झाला. रस्त्याकडे बघितलं. मग आत वळून, नोकरीत असल्यासारखी, त्यानं मान हलवली.

"दू घर म अंजोर!"

असं गाणं त्या स्टुडिओच्या भिंतींनी तोवर ऐकलं नव्हतं. वकिलांचा आवाज फाटला, आज्यांचा थरथरला, पोरं तर ओरडलीच. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. डोळे पाण्यानं भरलेले, पण आवाज जुना, फळ्यावर डस्टर आपटणारा.

"हे घेतलं का रे रेकॉर्डिंगमधे?"

सुशीलनं जीभ चावली. "मशीन बंद थी, आंटी."

"गाढवा! मग काय झोपला होता? चल, पुन्हा घे. कापायचं काही नाही. जसं आहे तसं."

"लेकिन आंटी, इतना लंबा सन्नाटा," सुशील अजिजीनं म्हणाला. "पब्लिक समझेगी सीडी अटक गई. दुकानदार वापस भेज देगा."

बाईंनी एकवार सगळ्यांकडे पाहिलं. सगळे पुन्हा चपलांकडे बघायच्या तयारीत होते.

"सन्नाटा कुठं होता तिथं?" बाई म्हणाल्या. "तिथं माझी लूना होती. तिचा आवाज टाक."

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. माइकची वायर पायऱ्यांपर्यंत आणली. लूनाला कळलं की आज आपला मान आहे, आणि ती चालूच होईना. बाई पदर खोचून स्टँडवर चढवलेल्या लूनाचं पायडल मारताहेत, शर्मिष्ठा मागून धरून उभी आहे, पोरं "टीचर, और जोर से!" ओरडताहेत, आणि सुशील कानाला हेडफोन लावून "सायलेन्स! सायलेन्स!" करत नाचतो आहे. एका खेपेला आइस्क्रीमवाल्याची घंटा आली, एका खेपेला वनमालाबाईंचा ऑटो आला आणि त्यांनी भाड्यावरून घातलेली हुज्जत आली. शेवटी लूना लागली. दुरून येते, जवळ येते, आणि थांबते, असा आवाज हवा होता, म्हणून बाईंनी रस्त्याला एक चक्कर मारली. परत येताना त्यांनी हॉर्नही मारला. सांगितलं नव्हतं कोणी.

प्रकाशन शाळेच्याच मैदानात ठेवलं. मांडव, खुर्च्या, सरांच्या फोटोसमोर त्यांची पेटी. पुढच्या रांगेत कुमुदबाई, जांभळ्या काठाची साडी नेसून. सगळ्यांच्या आधी आल्या होत्या! खुर्च्या लावणाऱ्यांच्या आधी. भैय्यालालला मुद्दाम फाटकावर उभं केलं होतं, डोक्याला फेटा बांधून. प्रमुख पाहुणा पराग, पण त्याचा पत्ता नव्हता. लोक चुळबुळायला लागले. शर्मिष्ठा बाईंच्या कानाशी आली.

"टीचर, पराग साहेबांसाठी थोडं थांबायचं का?"

"काहून? तो काय लूनावर येऊन राहिला? लाव गाणं."

गाणं लागलं. "एक घर म दिया बरै..." आणि भोंग्यातून फट् फट् फट्. अख्ख्या मांडवानं, जुन्या सवयीनं, माना वळवून फाटकाकडे पाहिलं. फाटकात कोणीच नव्हतं. सर पेटीशी नव्हते आणि लूना रस्त्यावर नव्हती. तेवढ्यात पुढच्या रांगेतून बाई उठल्या, मागे वळल्या आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"आली मी. लाव फाटक, भैय्यालाल."

"हव, बाई!" फाटक बंद झालं आणि अंजोराची ओळ मांडवभर पसरली. सीडीतली माणसं गात होती आणि मांडवातलीही. आज त्या सीडीच्या जोरावर तपासणीची गाडी खेड्यापाड्यांतल्या शाळांत जाते, आणि तिच्यावर सरांचं नाव आहे. गणपतीत तर ते गाणं गल्लोगल्ली लागतं. लूना कशाची हे कोणाला ठाऊक नसतं, पण ती आली की पोरं तोंडानं फट् फट् करतात आणि मगच पुढे गातात.

त्या दिवशी मात्र गाणं संपतं न संपतं तोच बाहेर मंत्रालयाची पांढरी मोटार येऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं हॉर्नवर हात नेला, आणि मागून साहेबांनी त्याला थांबवलं. साहेब स्वतः उतरले. बंद फाटकाच्या गजांना धरून, टाय लावलेला पराग, पाचवीतल्या पोरासारखा उभा राहिला. भैय्यालालनं त्याच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. नियम तो नियम.

"काय रे?" बाईंनी लांबूनच विचारलं. "काहून उशीर?"

परागनं मान खाली घातली. "सॉरी टीचर. भनपुरी में ट्रक आडा हो गया था."

मांडव फुटेल इतकं हसू उसळलं. शर्मिष्ठानं तोंडात पदर कोंबला. वनमालाबाईंना तर खुर्चीवरून उठवावं लागलं. बाई मात्र हसल्या नाहीत. चष्मा नीट केला, गजांमागच्या त्या मोठ्या साहेबाकडे काही वेळ पाहिलं, जसं वहीतलं उत्तर तपासावं तसं.

"उघड रे, भैय्यालाल," त्या म्हणाल्या. "होतो एखांद्या दिवशी."